दोन जावा आणि एक वाकळ: शाहूपुरीतल्या एका अमूर्त कलाकृतीचं प्रकरण

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती करणारं एक घर आहे. त्या घरात वाटणी झाली, पुढच्या वर्षी सासू वारली आणि तिच्या अंथरुणातली वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, धाकट्या सुनेकडे राहिली. धाकटी लग्नाआधी चित्रकलेची पदविका घेतलेली. तिनं ती वाकळ मधोमध कापली आणि तिच्यावर मिश्रमाध्यमातलं एक अमूर्त काम केलं. थोरल्या जावेला हे समजलं, तेव्हा दोघींत वाटणीपासून बोलणं नव्हतं. त्यानंतर ते काम मोडलं आणि वेगळ्या रूपात पुन्हा उभं राहिलं. मी चित्रकला शिकवते. धाकटी माझ्याकडे काम दाखवायला यायची, त्यामुळे यातलं बरंच माझ्या डोळ्यांदेखत घडलं. दोघींची परवानगी घेऊन लिहिते आहे. नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. घरातल्यांसारखंच मीही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते.

जुलै २०२१

पावसाळ्यात कोल्हापूरकर पंचगंगेबद्दल फूट-इंचांत बोलतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. कुंभार गल्लीत दोन्ही वेळा पूर शिरला आणि दोन्ही वेळा तो मूर्तींच्या हंगामात आला. २०२१ मध्ये चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे पूर आला तेव्हा हातात साधारण सात आठवडे होते. आधीची दोन वर्षंही अशीच गेलेली, एक पुरात आणि एक कोरोनात.

या घरात थोरली प्लास्टरच्या मूर्तींचं बघते. काथ्या घालून साचे भरणं, मूर्ती सोडवणं, फिनिशिंग, अंगाचा रंग, सगळं तिच्या नजरेखालून जातं. डोळ्यांची आखणी ती स्वतः करते आणि गल्लीत तिच्या हाताला नाव आहे. धाकटीनं शाडू हातात घेतला होता. २०२० च्या मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा पुढचा धंदा मातीचाच, असं तिचं मत पक्कं झालं. घरातल्यांना ते पटलं नव्हतं, पण तिला कुणी अडवलंही नाही. कारखान्याच्या मागच्या फळ्या तिला दिल्या होत्या.

त्या रात्री धाकटी सासूला घेऊन राजारामपुरीतल्या नातेवाइकांकडे गेली होती. दोघे भाऊ मोठे साचे टेंपोत घालून उंचावरच्या शेडकडे निघालेले. घरात थोरली आणि कामावरची दोन पोरं होती. पाणी उंबऱ्याला लागलं. कोरोनामुळे त्या वर्षी सार्वजनिक मूर्तीला ४ फुटांची आणि घरगुती मूर्तीला २ फुटांची मर्यादा होती. मूर्ती लहान होत्या, म्हणून एकेकीनं उचलून पोटमाळ्यावर नेता येत होत्या. पण सगळ्या मावणार नव्हत्या. थोरलीनं इसार घेतलेल्या प्लास्टरच्या मूर्ती वर नेल्या. शाडूच्या खाली राहिल्या.

न भाजलेला शाडू पाण्यात विरघळतो आणि त्यासाठीच तो चांगला म्हणायचा. पाणी उतरल्यावर मागच्या फळ्यांवर नुसते मातीचे उंचवटे उरले होते. धाकटीचं म्हणणं असं की, प्लास्टर भिजलं असतं तर रंग गेला असता, थोडं नुकसान झालं असतं, पण काही मूर्ती तरी पुन्हा उभ्या राहिल्या असत्या. जे पूर्ण जाणार होतं, नेमकं तेच खाली ठेवलं. थोरलीचं म्हणणं असं की, लोकांचे पैसे घेतले होते आणि शाडूच्या एकाही मूर्तीचं बुकिंग नव्हतं. मी दोन्ही बाजू पुष्कळदा ऐकल्या आहेत आणि मला दोन्ही खऱ्या वाटतात. पण धाकटीला लागलं ते मूर्ती गेल्याचं नव्हतं. थोरलीनं तिला फोन केला नव्हता, हे तिला लागलं.

दिवाळीनंतर वाटणी झाली. कारखान्यात भिंत आली आणि साचे मोजून वाटले गेले. सासू धाकटीकडे राहिली आणि पुढच्या वर्षी गेली.

पहिलं काम

वाकळ सासूनं शिवलेली होती. सुना आल्यावर त्यांनीही त्यात टाके घातले होते. वरच्या थरात तिघींच्या जुन्या सुती साड्या होत्या आणि आत सासऱ्यांची धोतरं. धाकटीनं ती उभी कापली. डाव्या भागावर फेविकॉलमध्ये कालवलेला पुराचा गाळ थापला, उजव्यावर मूर्तीचा सोनेरी आणि लाल रंग फासला. दोन्हींच्या मध्ये चार बोटं फट ठेवली आणि फटीत प्लास्टरचा मोडका आशीर्वादाचा हात बसवला. कामाचं नाव होतं ‘वाटणी’.

मेहनत दिसत होती. गाळाचा पोत तर सुंदर होता. तरी मी तिला सांगितलं की हे काम दिसायला अमूर्त असलं तरी वाचायला तक्रार अर्जासारखं आहे. गाळ म्हणजे मी, सोनं म्हणजे ती, मोडका हात म्हणजे घर. बघणाऱ्यानं एवढं ओळखलं की त्याचं काम संपलं. आणि एकदा का हात दिसला, की नजर हातावरच थांबते, वाकळेकडे कुणी बघतच नाही.

हा दोष तिच्या एकटीचा नाही. अमूर्त कामात भावना आणायची म्हटलं की बहुतेक जण रंगांच्या अर्थांपासून सुरुवात करतात. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे एकटेपण, काळा म्हणजे मृत्यू. हे फार लवकर संपतं. मिश्रमाध्यमाची खरी ताकद मला दुसरीकडे दिसते. तिथं वस्तूवर काहीतरी प्रत्यक्ष घडलेलं असतं. ती फाडलेली, जाळलेली, बांधलेली, भिजवलेली, दाबलेली, टांगलेली असते आणि घडलेल्याची खूण तिच्या अंगावर राहते. पिकासोनं १९१२ मध्ये खुर्चीच्या वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रात चिकटवलं आणि भोवती दोराची चौकट घातली, तेव्हा चित्रात खरी वस्तू आणण्याची वाट मोकळी झाली. पण वस्तूला काय सोसावं लागलं हे दाखवणारी माणसं मला जास्त जवळची वाटतात. इटलीचा अल्बर्टो बुर्री दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर होता. टेक्सासच्या युद्धकैदी छावणीत तो चित्रं काढू लागला आणि पुढे गोणपाटाचे तुकडे शिवून, ठिगळं लावून त्यानं कामं केली. आपल्याकडे १९६० च्या दशकात हिम्मत शाह यांनी कागद जाळून कोलाज केले आणि जेराम पटेल यांनी ब्लोटॉर्चनं लाकूड जाळून पृष्ठभाग घडवले. त्यांच्या कामांत जाळलेली जागा जळालेलीच दिसते. तिथं जळण्याचं चित्र काढावं लागत नाही.

मी धाकटीला शिल्पकार लुईस बुर्ज्वाचीही कामं दाखवली. हिचा जन्म १९११ चा, पॅरिसचा. आईवडिलांचा जुने विणलेले पडदे दुरुस्त करण्याचा धंदा होता आणि पडद्यांतल्या आकृत्यांचे नाहीसे झालेले पाय ती लहानपणी रेखाटून द्यायची. वडिलांनी घरातल्याच शिक्षिकेशी संबंध ठेवले, ते तिला शेवटपर्यंत बोचत राहिलं. उतारवयात तिनं स्वतःचे आणि आईचे जपून ठेवलेले कपडे कापून, शिवून कामं केली.

धाकटीनं लगेच मला पकडलं. “मॅडम, मग तिनं तर आयुष्यभर बापावर तक्रारच केली की. मी केली तर काय बिघडलं?”

प्रश्न रास्त होता. तक्रारीतून काम सुरू व्हायला काहीच हरकत नाही, उलट बरीच चांगली कामं तिथूनच सुरू होतात. पण बुर्ज्वाच्या कापडी कामांत फाटलेलं आणि शिवलेलं एकाच जागी दिसतं. बापाची गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसालाही कापडावरचा ताण जाणवतो. ‘वाटणी’मध्ये गोष्ट काढून घेतली तर खाली फार थोडं उरत होतं.

मी तिला रंग बाजूला ठेवायला सांगितलं आणि त्या रात्रीची नुसती क्रियापदं लिहून आणायला सांगितली. तिनं आणलं: उचललं, ठेवलं, वाट पाहिली, विरघळलं, कळवलं नाही, पुसलं, मोजलं, भिंत घातली. यातली कुठली क्रिया कापड, माती, प्लास्टर यांना खरोखर सोसता येईल, एवढाच विचार कर, म्हटलं. ती ते घेऊन घरी गेली.

थोरली आली

पहिल्या कामाचा फोटो फोनवरून थोरलीच्या मुलीपर्यंत आणि तिच्याकडून थोरलीपर्यंत पोहोचला. एका दुपारी ती न सांगता माझ्या स्टुडिओत आली. धाकटी तिथंच होती. थोरली कामासमोर उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“ही तू कापलीस?”

“माझ्याकडं होती अक्का ती.”

“तुझ्याकडं होती. तुझी कवा झाली?”

धाकटीकडे उत्तर नव्हतं. थोरलीनं उजव्या भागाचा एक कोपरा उलटला. रंगाखाली फिकट हिरवी साडी होती. तिच्या डोहाळजेवणाची. मग तिनं विचारलं, “आनि ह्यात आत्ती कुठं हायत?”

कोल्हापुरात हा प्रश्न साधा नाही. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं हे गाव. हुबेहूब माणूस उतरवणं, प्रकाशात न्हालेला रंकाळा कागदावर आणणं, यात इथल्या चित्रकारांनी पिढ्या घालवल्या. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, शिल्पं केली आणि मग सिनेमा काढला. इथला सामान्य माणूस चित्राकडे जाणकारीनं बघतो, पण त्याची अपेक्षा ठरलेली असते. सासूवर काम केलं तर सासू दिसली पाहिजे. थोरलीला अमूर्त कळत नाही, असं म्हणून हा प्रश्न बाजूला सारता आला असता. मला तो त्या कामावरचा सगळ्यात नेमका आक्षेप वाटला, कारण त्यात सासू खरंच नव्हती. दोन जावांच्या भांडणात तिची वाकळ नुसती जमीन म्हणून वापरली होती.

त्यानंतर थोरलीनं जे केलं त्यानं प्रकरण वळलं. कापलेल्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. वाकळेचा धावदोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातो. मध्ये कापला की प्रत्येक ओळीचा दोरा मोकळा होतो आणि ओढ पडली की टाके मागं मागं सुटत जातात. “धा दिसांत ह्याच्या चिंध्या हुतील,” ती म्हणाली आणि सुई मागितली. माझ्याकडे होती ती सुई तिनं नाकारली. दुसऱ्या दिवशी स्वतःची, जाड, वाकळेची सुई घेऊन आली.

याला मी समेट म्हणणार नाही. कुणी माफी मागितली नाही, कुणी रडलं नाही. हाताला कामाचं वळण असलेल्या बाईला वाईट सुटलेली कड बघवत नाही, एवढंच मला त्या दिवशी दिसलं. नंतर कितीतरी दिवस त्या फक्त दोऱ्याबद्दल आणि कापडाबद्दल बोलायच्या. चेहरे, हात, सोनं असलं काही समोर नव्हतं म्हणून ते जमलं, असं माझं मत आहे. कामात थोरलीचं चित्र असतं तर तिला आधी त्या चित्राशी भांडावं लागलं असतं. इथं समोर एक मोडलेलं कापड होतं आणि त्यावर दोघींचा हात चालत होता.

शाडूचा ठसा, प्लास्टरचा तुकडा

पहिला निर्णय थोरलीचा. कापलेले काठ पुन्हा एकमेकांना जोडायचे नाहीत. काठाला काठ जोडला की शिवण वर येते आणि निजणाऱ्याच्या पाठीला टोचते. खाली तिसरं कापड घ्यायचं आणि दोन्ही भाग त्याच्यावर बसवायचे. ते कापड तिनंच आणलं: ओल्या मातीवर टाकायचं गोणपाट, २०२१ च्या पाण्यात भिजलेलं आणि धुऊनही खालच्या बाजूला गाळाचा पट्टा राहिलेलं. दोन भागांत फट राहू द्यायची हे धाकटीनं ठरवलं. फट आता वीतभर झाली.

फटीत काय, यावर बराच काळ अडलं. कोरी ठेवली की पुन्हा वाटणीचं चिन्ह होत होतं. कापडानं भरली की फट राहत नव्हती. मग धाकटीनं मऊ शाडूची एक पोळी लाटून वाकळेवर दाबून बघितली. मातीत टाक्यांचा ठसा उमटला, ओळ न् ओळ. पण शाडू वाळला की तडकतो, पाणी लागलं की जातो. ठसा टिकवायचा तर त्यात प्लास्टर ओतायला हवं आणि प्लास्टर थोरलीचं.

ज्यांना असं काही करून बघायचं असेल त्यांच्यासाठी पद्धत थोडी तपशिलात सांगते. वाकळेवर आधी शंखजिरं भुरभुरायचं, म्हणजे माती कापडाला धरत नाही. शाडू कणकेपेक्षा घट्ट हवा. सैल असला तर धाग्यांत शिरतो. पोळी दाबून सरळ वर उचलायची, सरकवायची नाही. कडेनं मातीचीच पाळ लावायची. प्लास्टर नेहमी पाण्यात सोडायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. पहिला हात पातळ, कुंच्यानं, म्हणजे टाक्यांच्या खाचांत हवा अडकत नाही. दुसऱ्या हातात काथ्या. सुरुवातीचे तुकडे धाकटीनं काथ्याशिवाय केले होते आणि ते उचलतानाच मोडले. दोऱ्यासाठी भोकं प्लास्टर ओलं असतानाच पाडायची. सगळं बसलं की माती भिजवून धुऊन टाकायची. मातीनं ठसा घेतला, तो प्लास्टरकडे दिला आणि ती पाण्याबरोबर निघून गेली. धाकटीच्या यादीतलं ‘विरघळलं’ हे क्रियापद कामात असं आलं. ते आधी ठरवलेलं नव्हतं. पहिली पोळी नळाखाली धुताना दोघी एकदम गप्प झाल्या, तेव्हा ते तिघींच्याही लक्षात आलं.

तुकडे पांढरे आले. साडी कुणाची, रंग कुठला, हे सगळं गेलं आणि फक्त टाका उरला. तेव्हा थोरली एकेक तुकडा उजेडात तिरका धरून सांगू लागली. बारीक, एकसारखा, दाट टाका आत्तींचा. लांब आणि सरळ तो तिचा स्वतःचा. वाकडा, मध्येच तुटणारा धाकटीचा, लग्नाच्या पहिल्या वर्षातला. “बघ, हितं आत्तींनी तुझं उसवून परत घातलंय,” असंही एका ठिकाणी दाखवलं. आपण स्टुडिओत रेषेच्या स्वभावाबद्दल तासन्‌तास बोलतो. इथं एक बाई तिघींचे हात पांढऱ्यावर पांढरे वाचून दाखवत होती.

एकदा मात्र सगळं थांबलं. टाके घालताना धाकटीनं अखेर त्या रात्रीचा विषय काढला. फोन का केला नाहीस, एवढंच तिनं विचारलं. थोरलीनं दोरा तोडला नाही की मान वर केली नाही. “फोन करून तुला काय इचारायचं हुतं? तुझ्या खाली ठेवू का म्हनून?” आणि मग, “परत तशी रात आली तर परत तेच करीन.”

धाकटी बरेच दिवस आली नाही. काम संपलं असं मी धरून चालले होते. ती परत आली तेव्हा तिनं फटीतले प्लास्टरचे तुकडे सोडवून पुन्हा बांधले. आता ते कुठल्याच काठाला टेकत नव्हते. खालच्या गोणपाटाला सुतळीनं बांधलेले, दोन्ही बाजूंना बोटभर अंतर. माझ्या दृष्टीनं कलाकृती त्या दिवशी झाली. आधीच्या रचनेत तुकडे दोन भागांना जोडणारा पूल होऊ पाहत होते आणि ते खोटं होतं, कारण दोघींत तसा पूल नव्हता. त्यांना जोडणारं जे होतं ते खालचं जाड, कुणाच्याही पसंतीचं नसलेलं गोणपाट. एकाच घरात केलेलं काम, एकाच सासूखाली काढलेली वर्षं, एकच महापूर.

बाकी बदल मी भरभर सांगते. सोनेरी आणि लाल रंग खरवडून काढला, राहिला तो डाग राहू दिला. मोडका हात गेला. गाळ चाळून, पातळ करून, थरांमध्ये नीट सुकू देऊन पुन्हा लावला. फेविकॉलनं चिकटवणं जवळजवळ सोडलं, कारण जाड कापड त्यानं पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि चुकलं तर परत सोडवता येत नाही. टाका उसवता येतो. लाकडी चौकट काढून वर कापडाची नळी शिवली आणि तीत पट्टी घालून काम मोकळं टांगलं. गाळाचा भाग जड, त्यामुळे तो खाली ओढतो, गोणपाटाला तिरप्या सुरकुत्या पडतात आणि दुसरा भागही किंचित त्या बाजूला खेचला जातो. धाकटीला सुरकुत्या काढायच्या होत्या. मी आग्रहानं ठेवायला लावल्या. सगळ्या कामात नातं सगळ्यात स्पष्ट त्या सुरकुत्यांत आहे. गोणपाटाच्या एका कोपऱ्यात अंगाच्या गुलाबी रंगाचा फवारा आहे. थोरलीनं आपली स्प्रेगन तिथं सहज मारून बघितली होती. तोही राहिला.

कलादालनात

काम दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात काही इतर कामांबरोबर लागलं. गाळाची वरची कड त्यांच्या कारखान्यात पाणी चढलं होतं त्याच उंचीवर यावी असं धाकटीनं ठरवलं होतं. थोरलीनं लावताना ती चार बोटं वर घ्यायला लावली. “पानी हितवर आलतं. तू नव्हतीस.” हे वाक्य टोचणारं होतं, पण ते खरंही होतं आणि धाकटीनं काम वर घेतलं.

कुंभार गल्लीतली माणसं आली तेव्हा ती उंची कुणाला समजावून सांगावी लागली नाही. एकेक जण कामाला खेटून उभा राहायचा आणि कड आपल्या छातीवर कुठं येते ते बघायचा. म्हाताऱ्या बायका सरळ हात लावायच्या. आम्ही अडवलं नाही. त्या फटीशी थांबून टाक्यांवरून बोट फिरवायच्या. एका गृहस्थांनी विचारलं की हे नुसतं अंथरूण टांगलंय, यात चित्र काय आहे? मी त्यांना दुसऱ्या बाजूनं, खिडकीच्या उजेडात बघायला सांगितलं. तिरप्या प्रकाशात प्लास्टरवरचे टाके उठून दिसतात. ते पुष्कळ वेळ थांबले, पण त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही.

खालच्या पाटीवरून वाद झाला. धाकटीनं स्वतःचं नाव आणि ‘साहाय्य’ म्हणून थोरलीचं, असं लिहिलं होतं. ‘साहाय्य’ हे मला पटलं नाही. ज्या हातानं ओतकाम केलं, कड वाचवली, रचनेचा पाया ठरवला, त्याला साहाय्य म्हणायचं नाही. थोरलीला तर नावच नको होतं. “मी काय चित्रकार न्हाई. पर वाकळ आत्तींची हाय हे लिव.” शेवटी पाटीवर माध्यमांची ओळ अशी आली: वाकळ, सासूच्या हातची, सुनांच्या टाक्यांसह, गोणपाट, पंचगंगेचा गाळ, शाडूच्या ठशावरून प्लास्टर, ओतकाम थोरल्या जावेचं. ‘वाटणी’ हे नाव धाकटीनं काढून टाकलं आणि दुसरं दिलं नाही.

नात्यांवर काम करणाऱ्या पुष्कळ तरुण चित्रकारांना मी हे प्रकरण सांगते, कारण त्यांच्या हातातही कुणाची तरी पत्रं, साड्या, फोटो असतात. त्यात दुसऱ्या माणसाचा वाटा असतो आणि तो माणूस बहुधा जिवंत असतो. कात्री लावायच्या आधी त्याला विचारलं, तर तो नाही म्हणण्याची शक्यता असतेच. ती शक्यताही कामाचा भाग आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. धाकटीनं न विचारता कापलं आणि तिच्या नशिबानं समोरची बाई सुई घेऊन आली. प्रत्येकीच्या वाट्याला असं येत नाही.

पुण्याच्या एका संग्राहकांना काम विकत हवं होतं. धाकटीची तयारी होती. तिच्या शाडूच्या नुकसानीचे पैसे तिला कधी मिळालेच नव्हते आणि रक्कम चांगली होती. थोरलीनं एका वाक्यात विषय संपवला: “वाकळ इकायची न्हाई.” दोघी पुन्हा भांडल्या, या वेळी माझ्यासमोर, मोठ्यानं, मुद्द्यावर. काम विकलं गेलं नाही. सध्या ते माझ्या स्टुडिओत आहे, कारण भिंतीच्या कुठल्या बाजूला टांगायचं हे ठरलेलं नाही.

संग्राहकांसाठी धाकटी दुसरं काम करते आहे, वाकळेशिवाय, गोणपाट आणि ठसे एवढ्यावरच. त्याचं ओतकाम थोरलीनं करावं असं तिनं विचारलं आणि येणाऱ्या पैशात निम्मा हिस्सा देऊ केला. थोरलीनं हिस्सा नाकारला. “भागी नको. वाटनी झालीया. हजेरी दे.” हंगामात आखणीच्या कारागिराला मिळते तेवढी रोजची हजेरी तिनं सांगितली, धाकटीनं ती मान्य केली. ओतकाम अनंत चतुर्दशीनंतर सुरू होईल, त्याआधी थोरलीला सवड नाही.